एका कासवाची चौकशी

आमच्या इमारतीत जिन्याखाली एक वाचनकपाट आहे. वाचनालय म्हणावं इतकं ते मोठं नाही आणि नुसतं कपाट म्हटलं की हेडसरांना राग येतो. त्यातली मधली फळी कित्येक वर्षं जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांनी अडवून ठेवली होती. त्या एकदाच्या रद्दीत गेल्या आणि फळी रिकामी झाली. रिकामी जागा दिसली की आमच्या इमारतीतल्या माणसांना चैन पडत नाही. पार्किंगवरून झालेली भांडणं मी इथे सांगत नाही, कारण त्यांतली दोन अजून चालू आहेत.

मुलांचं म्हणणं होतं, फळीवर ‘धुक्यातली होडी’ या मालिकेचे सातही भाग हवेत. ही मालिका सध्या सगळी पोरं वाचतात. जेवताना वाचतात, जिना उतरताना वाचतात, आणि तुम्ही हाक मारली की तुमच्याकडे असं बघतात जणू तुम्हीच धुक्यातून आलात. हेडसरांचं म्हणणं होतं, फळीवर अभिजात ग्रंथांचा संच हवा, आणि तो ते स्वतःच्या घरातून द्यायला तयार होते. हेडसर म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त ते फक्त कागदोपत्री झालेत. लिफ्टमध्ये भेटले तरी माणूस नकळत हात मागे बांधून उभा राहतो.

दोन्ही संच एका फळीवर मावत नव्हते. म्हणून गच्चीवर सभा भरली आणि त्या सभेत मी उभा राहिलो. उभं राहण्याची काही एक गरज नव्हती, हे बायकोने मला त्यानंतर अनेकदा सांगितलंय.

“ही मालिका म्हणजे सरळ सरळ चोरीचा माल आहे,” मी म्हणालो. “अनाथ पोर, एका डोळ्याचा म्हातारा, बोलणारा प्राणी, सात बेटं, शापित राजा. सगळं जुन्या ग्रंथांतून उचललेलं. नवीन काय, तर मुखपृष्ठ.”

आता खरं काय ते सांगतो. मालिकेचं एक पानही मी वाचलं नव्हतं. अभिजात ग्रंथांपैकी मी तीन वाचले होते, तेही लहानपणी, मुलांसाठी संक्षिप्त केलेले, पानोपानी चित्रं असलेले. पण मी विमा कंपनीत चोरीचे दावे तपासतो. लोकांनी खरोखर गेलेल्या आणि कधीच नसलेल्या वस्तूंच्या हकिकती ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. चोरीचा मला वास येतो, असं मी समजत होतो.

हेडसरांनी टाळी वाजवली. त्यांच्या टाळीची इमारतीत कोणाला सवय नव्हती, त्यामुळे दोघं तिघं दचकले. “शाब्बास,” ते म्हणाले. “तुमचा तर हा व्यवसायच. मग तुम्हीच रीतसर चौकशी करा आणि सिद्ध करा. चोरी सिद्ध झाली तर ग्रंथ, नाही झाली तर होडी.”

सभेने एकमताने माझी एकसदस्यीय समिती नेमली. एक मत तेवढं विरोधी पडलं, ते माझ्या मुलीचं. वय वर्षं चौदा. मुलांच्या बाजूची पुढारी तीच होती, हे मला उभं राहण्याआधी कळलं असतं तर मी बसून राहिलो असतो. पण घरात कोण कशाचं पुढारी आहे हे बापाला सर्वांत शेवटी कळतं.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी ‘ए बाबा’ म्हणाली नाही. “अभिनंदन, साहेब,” ती म्हणाली. “आपला चहा झाकून ठेवलाय.”

चौदा वर्षं जिने मला अरे तुरे केलं, ती मला आपण म्हणाली. एकदा नाही, रोज. “आपला टॉवेल वाळत घातलाय.” “आपल्याला फोन आलाय.” एवढा मान मला ऑफिसातही कोणी दिला नव्हता आणि एवढा अपमानही. मी बायकोकडे तक्रार केली. ती म्हणाली, “मोठ्यांशी आदराने बोलतेय. त्यात मी काय सांगू?”

तेव्हा या चौकशीत पणाला लागली होती ती फळी, माझी अब्रू आणि माझ्या घरातलं माझं एकवचन.

इमारतीने सल्ले द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, “वरवर बघू नका. मुळाशी जा. कीड मुळाशी असते.” एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “अहो, कॉलर एकाची बघतो, बाही दुसऱ्याची बघतो, आणि तिसऱ्याच्या मापाचा शर्ट शिवतो. अंगावर नीट बसला म्हणजे झालं.” मी म्हटलं, हा मुद्दा अहवालात घेतो. त्या म्हणाल्या, “तो घ्या नाहीतर राहू द्या, तुमची पॅन्ट मात्र घेऊन जा. आणि कंबर पुन्हा मोजू द्या.”

मालिका वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सातही भाग मुलीकडे होते. एक परत केल्याशिवाय ती दुसरा देत नसे. सातवा तर निकाल लागल्याशिवाय मिळणार नाही, असं तिने आधीच बजावलं. मी पहिल्या भागाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कारण चौकशी अधिकारी होडीत बसलेल्या पोरीचं रंगीत चित्र हातात घेऊन बसस्टॉपवर उभा आहे, हे दृश्य समितीला शोभणारं नव्हतं. हातात पेन्सिल होतीच. पहिल्या दहा पानांत मला पाच चोऱ्या सापडल्या. मी अगदी खूश होतो.

दुसऱ्या भागात पेन्सिल कुठेतरी पडली. ती पडल्याचं तिसऱ्या भागात लक्षात आलं.

त्याचं कारण ते कासव. त्या होडीत एक म्हातारं, बोलणारं कासव आहे. ते सदोदित कुरकुरत असतं. होडी फार हलते, धुकं फार ओलं आहे, हल्लीच्या पोरींना वल्हवता येत नाही. पण संकट आलं की तेच सर्वांच्या पुढे होतं, आणि पुढे होता होता इतका वेळ लावतं की तोवर संकट कंटाळतं. सांगायला लाज वाटते, पण मला ते कासव फार आपलं वाटलं. एकदा तर बसमध्ये वाचता वाचता मी माझा स्टॉप सोडून डेपोत जाऊन पोहोचलो. कंडक्टर म्हणाला, “साहेब, गाडी पुढे जात नाही.” मी म्हणालो, “थांबा, ते पुलाखाली अडकलंय.”

चौथा भाग मी ऑफिसात नेला आणि आगीच्या एका दाव्याच्या फायलीत ठेवला. आमच्या मॅनेजरबाईंनी नेमकी तीच फाईल मागितली.

“हा गोदामाला लागलेल्या आगीचा दावा ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग यात कासव कुठून आलं?”

मी चौकशी समितीची सगळी हकिकत सांगितली. बाईंनी पुस्तक टेबलाच्या खणात ठेवलं आणि कामाच्या वेळेत असले प्रकार चालणार नाहीत, असं सुनावलं. त्यानंतर दोन दिवस त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. मी दारावर टकटक करून म्हटलं, “मॅडम, तो पुरावा परत हवा होता.”

“पुरावा तपासणं माझंही काम आहे,” त्या आतून म्हणाल्या. “भुयारापर्यंत आलेय. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक दिलं आणि पहिले तीन भाग मागितले. आता त्यांचा क्रम माझ्यानंतर आणि माझा क्रम मुलीच्या मर्जीनंतर, अशी साखळी तयार झाली. शिपाई, टायपिस्ट आणि आगीच्या दाव्यातला गोदामवाला स्वतः, हे तिघेही पुढे या साखळीत आले. गोदामवाल्याने तर आपल्या दाव्याबद्दल विचारायचंच सोडून दिलं.

माझं बिंग फुटलं ते जेवणाच्या टेबलावर. मी अगदी सहज विचारलं, “कासवं साधारण किती वर्षं जगतात गं?”

मुलीने चमचा खाली ठेवला. “साहेब, आपण पाचव्या भागात आहात का?”

“तसं काही नाही. सामान्यज्ञान.”

“सहाव्याच्या शेवटी कासव आजारी पडतं,” ती म्हणाली. “आणि सातव्यात काय होतं, सांगू?”

मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भरल्या ताटावरून उठून बाथरूममध्ये गेलो. त्या दिवसापासून तिच्या हाती हुकमी शस्त्र आलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला, की ती दारात यायची आणि म्हणायची, “एक शब्द बोलू का, साहेब?” मी आवाज कमी करायचो. आठवडाभरात मी स्वतःचं ताट स्वतः घासायला लागलो. बायको म्हणाली की अशी चौकशी दरवर्षी व्हायला हवी.

पण चौकशी म्हटली की दुसरी बाजूही बघायला हवी. ज्यातून चोरी झाली तो मूळ ग्रंथ म्हणजे, हेडसरांच्या मते, ‘द्वीपयात्रा’. त्यांनी स्वतःची प्रत द्यायला नकार दिला. “संक्षिप्त नाही, संपूर्ण आवृत्ती बघा,” ते म्हणाले. संपूर्ण आवृत्ती शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात होती आणि तिथेच बसून वाचायची होती. मागणीच्या चिठ्ठीवर ‘कारण’ असा एक रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘चोरीसंदर्भात’.

ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहारेकऱ्याला बोलावलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि मी रोज जाऊन ग्रंथ संपवीपर्यंत उभाच राहिला. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं. पुढे पुढे तर मी पान उलटायला गेलो की तो खांद्यावरून म्हणायचा, “थांबा, माझं व्हायचंय.”

द्वीपयात्रेत सगळं होतं. अनाथ पोर होता, एका डोळ्याचा म्हातारा होता, सात बेटं होती आणि कासवाच्या जागी एक बोलणारा बोकड होता. मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होतो. मग सहज प्रस्तावना उघडली. तीत ग्रंथकार मोठ्या नम्रतेने म्हणत होते की ही कथा त्यांनी एका प्राचीन काव्यातून घेतली आहे. मी ते काव्य मागवलं. काव्याच्या पहिल्याच पानावर कवीने त्याच्याही आधीच्या एका कवीचे आभार मानले होते. मी तेही मागवलं. ग्रंथपालबाई शिडीवर चढत होत्या, उतरत होत्या आणि माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत होत्या. सर्वांत जुनं पुस्तक निघालं त्याची सुरुवातच अशी होती, ‘खलाशी सांगतात ते असे.’

“कोण खलाशी?” मी विचारलं.

“ते आज रजेवर असतील,” बाई म्हणाल्या. “आणि ग्रंथालय बंद व्हायची वेळ झालीय.”

गच्चीवर पुन्हा सभा भरली. मी अहवाल वाचला. मालिकेत एकूण त्रेसष्ट जागी जुन्या ग्रंथांतून उचलेगिरी झालेली आहे, असं मी पुराव्यानिशी सांगितलं. हेडसर प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. मुलगी कठड्याला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. खरं सांगतो, तेवढं मला सहन होईना.

“मात्र,” मी म्हणालो, “आमच्या खात्यात चोरीचा दावा मंजूर व्हायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मालक. मी मागे मागे जात खलाशांपर्यंत पोहोचलो, त्यांच्यापलीकडे मालक सापडत नाही. दुसरं म्हणजे, माल मालकाकडून गेलेला असावा लागतो. मी द्वीपयात्रा स्वतः तपासली. पोर तिथेच आहे. म्हातारा तिथेच आहे. बोकड ठणठणीत आहे. चोरी झाली म्हणतात आणि सगळा माल जागेवर, असा दावा मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.”

मुलांनी शिट्ट्या मारल्या. हेडसर उठले. ते चिडले नव्हते, तेच जास्त कठीण होतं.

“उद्या एखाद्या मुलाने शेजारच्याचा पेपर बघून लिहिला,” ते म्हणाले, “तर शेजारच्याचाही पेपर जागेवरच असतो. मी त्याला पास करायचं का?”

मी म्हणालो, “सर, शेजारच्याच्या पेपरात बोकड आहे. याने कासव लिहिलंय. नुसती नक्कल करणाऱ्याला ते कासव सुचत नाही.”

हेडसरांनी विचारलं, “सातवा भाग वाचलात?”

“नाही.”

“म्हणजे उत्तरपत्रिका पूर्ण न तपासता गुण देताय. सातवा वाचून या. तोवर निकाल राखून ठेवला.”

आता बघा कसा पेच पडला. सातवा वाचल्याशिवाय निकाल नाही आणि निकाल लागल्याशिवाय सातवा नाही. मी मुलीला घरी जाऊन अर्ज केला. तोंडी केला, मग लेखी केला. ती म्हणाली, “नियम म्हणजे नियम, साहेब.” हे वाक्य ती माझ्याकडूनच शिकली असणार, कारण ते ऐकून मला स्वतःचाच राग आला. शेवटी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“पुस्तक टेबलावर ठेव,” तिने मुलीला सांगितलं. “आणि दोघंही इथे बसा. सुट्टीचा दिवस आहे आणि तुमचं हे आपण-साहेब ऐकून माझं डोकं उठलंय.”

मुलीने पुस्तक आणलं. ठेवताना तिचा हात रेंगाळला. मी पुस्तक उचललं तेव्हा खूण दिसली. ती शेवटच्या प्रकरणाच्या आधी होती.

“तू शेवट वाचलेला नाहीस?” मी विचारलं.

ती नखाने टेबलाची कड खरवडू लागली.

“मग एक शब्द बोलू का, एक शब्द बोलू का, म्हणून मला घरभर पळवत होतीस ते?”

“मला काय माहीत काय होतं शेवटी,” ती म्हणाली. “नाही वाचवत मला. वाचलं की संपेल ना सगळं.” मग म्हणाली, “तू वाच. मोठ्याने. मी ऐकते.”

तू म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं, नाहीतर तिने ते परत घेतलं असतं.

सातव्यात तोवर काय काय झालं ते तिनेच भरभर सांगितलं आणि मी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. ती लहान असताना मी तिला वाचून दाखवायचो. मग तिला स्वतःला वाचता यायला लागलं आणि माझी ती नोकरी गेली. पहिल्या दोन पानांत माझा आवाज नीट लागेना. तिसऱ्या पानावर होडी शेवटच्या खाडीत आली. पाणी उथळ, वजन जास्त, होडी तळाला घासतेय, मागून शापित राजा येतोय. आणि मी वाचता वाचता थांबलो.

कारण द्वीपयात्रेच्या शेवटी हेच होतं. होडीत वजन जास्त होतं आणि एकाने उतरायला हवं असतं. कोणी कोणाला ते सांगत नाही. तेव्हा बोकड म्हणतो, “मी जरा पाय मोकळे करून येतो,” आणि खडकावर उतरतो. तो परत येणार नाही हे सर्वांना ठाऊक असतं, पण त्याने असं साधं सांगितल्यामुळे कोणाला त्याला अडवता येत नाही. तो प्रसंग मी अहवालात घेतला नव्हता, कारण सहा भागांत त्याचा जोडीदार सापडला नव्हता. आता तो सापडत होता. चौसष्टावी चोरी, सर्वांत मोठी, माझ्या डोळ्यांदेखत होत होती.

मी पुढचं वाक्य वाचलं. कासव म्हणालं, “मला जरा पाठ शेकायचीय,” आणि कुरकुरत, फार हळू, खडकाकडे निघालं.

मुलीने माझी बाही पकडली होती. मी पुढे वाचत होतो, पण अक्षरं नीट दिसत नव्हती. पुढे काय होणार ते मला एका ओळीचा फरक न पडता माहीत होतं, आणि तरी मला रडू आवरेना. कासवाला खडकावर चढायला दोन पानं लागली. ती दोन पानं मी कशी वाचली ते मला सांगता येणार नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

प्रकरण संपलं. मग मुलीने नाक ओढत विचारलं, “बाबा, हे पण कुठून उचललंय का रे?”

माझ्या उभ्या नोकरीत तोवर मी एकही खोटा अहवाल दिलेला नव्हता.

“नाही,” मी म्हणालो. “हे या पुस्तकाचं स्वतःचंच आहे.”

पुढच्या सभेत हेडसरांनी विचारलं, “सातव्या भागात काय आढळलं?” मी म्हणालो, “समितीला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.” हेडसर माझ्याजवळ आले. द्वीपयात्रा त्यांना तोंडपाठ आहे. माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, “बोकड?” मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सभेकडे वळून म्हणाले की पुस्तकं आडवी रचली तर दोन्ही संच एका फळीवर मावतील, हे आधीच कोणाच्या कसं लक्षात आलं नाही.

फळीवरून ‘होडी’चे भाग मोठी माणसंही वाचायला नेऊ लागली. मॅनेजरबाईंनी आमच्या इमारतीत भाड्याने जागा आहे का, अशी चौकशी केली. हे सगळं छान चाललं होतं, आणि एके दिवशी मुलीने द्वीपयात्रा घरी आणली.

माझी पाचावर धारण बसली. ती बाल्कनीत बसून वाचायची आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या उजव्या हातातली पानं पातळ होत चाललेली बघायचो. माझं खोटं तिथे, शेवटच्या प्रकरणात बसलं होतं. एका दुपारी ती उठून आत आली. तिचं नाक लाल झालं होतं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“कासव उतरणार हे तुला आधीच माहीत होतं.”

“हो.”

“आणि तरी तू माझ्याआधी रडायला लागलास.”

“हो,” मी म्हणालो.

ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. “मलाही आता माहीत होतं,” ती म्हणाली. “होडी तळाला घासली तेव्हाच कळलं. तरी बोकड पाय मोकळे करायला निघाला आणि...” तिने हात पुढे केला. “रुमाल दे.”

“ओला आहे,” मी म्हणालो.

“का?”

“तू शेवटच्या प्रकरणाला आलीस ते इथून दिसत होतं.”